खुंटा नसलेलं जातं

छत्रपती संभाजीनगरला खाम नदीच्या काठी एक जातं आहे. जातं तुम्हाला माहीत आहेच. आजोळी पाहिलं असेल, नाहीतर लग्नघरी हळद दळताना तरी नक्की पाहिलं असेल. दोन गोल दगड. खालची तळी जागची हलत नाही, वरची गरगर फिरते. वरच्या तळीच्या तोंडात दाणे टाकायचे आणि कडेने पीठ पडताना बघायचं. पण या जात्यात एक गोष्ट गायब आहे. त्याला खुंटाच नाही! मग ते फिरवायचं कसं? आणि फिरवायचं कोणी?

‘पाणी!’ असं तुम्ही लगेच म्हणाल, कारण त्या जागेला म्हणतातच पाणचक्की. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. पाणी काय, माठातही असतं. माठातल्या पाण्याने कधी मूठभर ज्वारी तरी दळली आहे का? विहिरीत तर हजारो लिटर पाणी असतं, पण ते नुसतं गप्प पडून राहतं. म्हणजे पाण्याच्या पाठीमागे आणखी कोणीतरी आहे. त्याचाच आज शोध घेऊया. हा शोध आपल्याला मराठवाड्यातून हिमालयात नेईल, तिथून जुन्या रोममध्ये आणि शेवटी खोपोलीच्या घाटात.

हाताने दळायचं म्हणजे काय?

आधी खुंट्याचं जातं काय मागतं ते बघू. गिरण्या नव्हत्या तेव्हा घरोघरी बाया पहाटेच्या अंधारात उठायच्या. जात्याशी बसायचं, एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे तोंडात वैरायचे. घरातल्या सगळ्यांच्या भाकरीपुरतं पीठ निघेपर्यंत हात थांबवायचा नाही. पाऊस असो, थंडी असो, अंगात कणकण असो, दळण कोणाला चुकायचं नाही. कालचं पीठ काल संपलेलं असायचं.

या कष्टात सोबत म्हणून बाया ओव्या गायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या गोळा केल्या. त्या भरल्या एक लाखाहून जास्त! जात्यावर किती पहाटा गेल्या असतील, याचा यावरून अंदाज येतो.

असेच कष्ट जगभर होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अँटिपेटर नावाचा एक ग्रीक कवी होऊन गेला. त्याने जात्यावर राबणाऱ्या मुलींसाठी एक कविता लिहिली. आता कोंबडा आरवला तरी उठू नका, खुशाल झोपा, तुमचं काम आता पाण्यातल्या पऱ्या करणार आहेत, असा त्या कवितेचा भाव आहे. पाणचक्कीबद्दल लिहिलेल्या जगातल्या सगळ्यात जुन्या मजकुरांत ही कविता मोडते. पाणचक्की आल्यावर पहिला आनंद कशाचा झाला, तर दळणारीला झोप मिळाली याचा!

पाणी भिंत चढतं

आता खामकाठच्या पाणचक्कीकडे येऊ. ही जागा म्हणजे बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांचा दर्गा. ते मूळचे आजच्या उझबेकिस्तानातल्या बुखारा शहराजवळच्या घुजदवान गावचे. इतक्या लांबून मुक्काम करत करत ते इथे आले आणि इथेच राहिले. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या काही दशकांत इथली मशीद, हौद, धर्मशाळा आणि पाणचक्की उभी राहत गेली. येणारे-जाणारे वाटसरू, फकीर, अनाथ मुलं अशा सगळ्यांच्या जेवणाचं दळण या चक्कीवर व्हायचं. रोज इतक्या माणसांचं पीठ हाताने काढायचं, तर किती जणी लागल्या असत्या!

पण चक्कीला पाणी आणायचं कुठून? खाम तर शेजारून वाहते. तिचंच पाणी का नाही घेतलं? कारण नदी खाली आहे आणि चक्की वर. शिवाय आपल्याकडच्या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात पार आटतात. दळण तर बारा महिने लागतं.

म्हणून पाणी आणलं काही किलोमीटर लांबून, उत्तरेला हर्सूलच्या बाजूच्या उंचवट्यावरून. तिथलं जमिनीखालचं पाणी एका नहरीत घेतलं. नहर म्हणजे इथे उघडा पाट नाही, तर जमिनीत पुरलेले खापराचे नळ. या शहराला नहरींची सवय आधीपासून होती. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हे शहर वसवलं, तेव्हा त्याचं नाव होतं खडकी. त्याने शहरासाठी अशीच जमिनीखालून नहर आणली होती, नहर-ए-अंबरी. पाणचक्कीची नहर त्याच विद्येतली.

आणि आता खरी गंमत. हे पाणी पाणचक्कीपाशी येतं आणि एका उंच भिंतीच्या आतून वर चढतं. ना पंप, ना मोट, ना रहाट! वरून ते धो धो हौदात कोसळतं.

पाणी वर कसं चढलं? तुमच्या गल्लीत कुठे बांधकाम चालू असेल तर गवंडीकाकांकडे बघा. त्यांच्याकडे एक लांब पारदर्शक नळी असते. नळीत पाणी भरून एक टोक या भिंतीपाशी धरतात, दुसरं त्या भिंतीपाशी. मधली नळी जमिनीवर लोळत असली तरी दोन्ही टोकांना पाणी बरोबर एकाच पातळीला उभं राहतं. तिथे पेन्सिलीने खूण केली की दोन भिंती एका पातळीत. पाणचक्कीच्या नहरीतही हेच होतं. हर्सूलकडचं टोक उंचावर आहे. मधला रस्ता कितीही खाली उतरला, तरी बंद नळातलं पाणी दुसऱ्या टोकाला पुन्हा जवळजवळ तेवढीच उंची गाठू बघतं. जवळजवळच, कारण वाटेत नळाच्या भिंतींना घासून त्याचा थोडा जोर वाया जातो.

म्हणजे भिंतीतून चढणारं पाणी आपल्या बळावर चढत नव्हतं. उगमाची उंची त्याला वर ढकलत होती. आपल्या शोधातला पहिला धागा सापडला. तो लक्षात ठेवा: उंची!

जाता जाता त्या हौदाचीही एक खुबी बघून घ्या. हौदाच्या तळाखाली एक मोठं दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत! वर पाणी साठलेलं, खाली जाडजूड खांब, त्यामुळे मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यातही आत गारवा. दमलेले यात्रेकरू तिथे विसावायचे. एकाच पाण्याकडून दळण, कारंजी आणि गारवा अशी तीन कामं करून घेतली होती!

उंचीचा हिशोब

पाणचक्कीत वरून पडणाऱ्या पाण्याची धार एका आडव्या चाकाच्या पात्यांवर आपटते. चाक फिरतं. चाकाच्या मधोमध एक उभा दांडा असतो. तो खालच्या तळीच्या भोकातून वर येऊन थेट वरच्या तळीला फिरवतो. चाकाचा एक फेरा, जात्याचा एक फेरा. मध्ये दुसरं काही नाही. खुंटा का नाही, हे कळलं ना? खुंटा वर नाही, पण त्याचं काम करणारा दांडा खाली दडलेला आहे!

आता थोडं गणित. घाबरू नका, पाढ्यांएवढंच सोपं आहे. एक लिटर पाण्याची बाटली जमिनीवरून एक मीटर उंच उचला. या कामाला सुमारे १० ज्यूल ऊर्जा लागते. तीच बाटली एक मीटर खाली आली, की ते १० ज्यूल परत मिळतात. फक्त ते घ्यायला कोणीतरी खाली तयार पाहिजे. पाणचक्कीचं चाक नेमकं तेच करतं.

समजा, एका चक्कीवर दर सेकंदाला १० लिटर पाणी ५ मीटर उंचीवरून पडतंय. १० लिटर, ५ मीटर आणि १० ज्यूल यांचा गुणाकार करा. सेकंदाला ५०० ज्यूल, म्हणजेच ५०० वॉट! यातले निम्मे उडणाऱ्या तुषारांत आणि घर्षणात गेले, तरी २५० वॉट उरतात. धडधाकट माणूस बराच वेळ सलग राबला, तर साधारण ७५ वॉटच्या आसपास काम करतो. म्हणजे आपल्या या छोट्या चक्कीत तीन माणसं राबत आहेत, तीही न जेवता, न झोपता, रात्रंदिवस.

आता हाच गुणाकार उंची बदलून करा. पाणी तेवढंच ठेवा, पण १० मीटरवरून पाडा. ताकद दुप्पट! उंची शून्य करा. उत्तरही शून्य! माठातलं पाणी का दळत नाही, ते इथे उलगडतं. ते पडतच नाही.

मोटेवर याच्या उलट चालायचं. तिथे बैल उतरणीवर ओढ घ्यायचे आणि पाणी विहिरीतून वर यायचं. बैलांची ताकद खर्च झाली, पाण्याला उंची मिळाली. पाणचक्कीत पाण्याची उंची खर्च होते, जात्याला ताकद मिळते. आलं लक्षात? उंची कमवावी लागते, आणि मग ती खर्चही करता येते.

चला, हिमालयात

आपल्याकडे घरोघरी जाती होती, पण पाणचक्क्या फार नव्हत्या. कारण साधं आहे. आपले बहुतेक ओढे चार महिन्यांचे, आणि चक्कीला तर बारमाही धार लागते. अशी धार बघायची तर हिमालयात जायला हवं. तिथे बर्फ वितळून येणारं पाणी आणि डोंगरातले झरे वर्षभर वाहतात, आणि उतार तर पावलोपावली. म्हणून उत्तराखंड, हिमाचल, काश्मीर, नेपाळ इथल्या खेड्यांत शेकडो वर्षं पाणचक्क्या चालत आल्या आहेत. उत्तराखंड आणि हिमाचलात त्यांना घराट म्हणतात.

घराट म्हणजे ओढ्याकाठची दगडी भिंतींची एक लहानशी खोली. ओढ्याचं पाणी एका पाटाने वळवून आणलेलं असतं. खोलीच्या मागे तीव्र उतारावर एक लाकडी पन्हळ लावलेली असते, बरेचदा झाडाचा बुंधा कोरून केलेली. पन्हळ वर रुंद आणि खाली अरुंद. पाणी खाली येईपर्यंत त्याची जोरदार पिचकारी होते. ती खोलीच्या जमिनीखाली बसवलेल्या लाकडी चाकाच्या तिरप्या पात्यांवर बसते आणि वर खोलीत जातं घुमू लागतं.

आत डोकावून बघूया. जात्याच्या वर दोरांनी एक टोपली टांगली आहे, वर रुंद आणि खाली निमुळती. तिच्यात धान्य भरलंय. टोपलीच्या तळाशी एक छोटी लाकडी पन्हळ, आणि तिथून दाणे एकेक करून जात्याच्या तोंडात पडताहेत. टिप टिप टिप. पण खोलीत तर कोणीच नाही. मग दाणे वैरतंय कोण?

त्या छोट्या पन्हळीला एक काडी बांधलेली आहे. साधी लाकडाची काडी. तिचं दुसरं टोक फिरत्या तळीवर नुसतं टेकलंय. दगड खडबडीत. तो फिरला की काडी टकटक टकटक उडते, काडी उडाली की पन्हळ हलते, आणि पन्हळ हलली की दाणे सांडतात.

आता विचार करा. वर पाऊस पडला आणि ओढ्याला पाणी वाढलं. जातं वेगाने फिरू लागलं. काडीही जोरात उडू लागली, आणि दाणे आपोआप जास्त पडू लागले! पाणी कमी झालं, जातं मंदावलं, तर काडीही मंदावली आणि दाणे कमी. पाणी थांबलं तर दाणेही थांबले. जात्याला जेवढं झेपेल, तेवढंच धान्य. ना कमी, ना जास्त. आज यंत्रं अशी आपापला वेग ओळखून वागतात तेव्हा आपण त्यांना स्वयंचलित म्हणतो. घराटातली काडी हेच काम करते, ना तार, ना बटण! ज्याने कोणी ही काडी पहिल्यांदा बांधली, त्याचं नाव इतिहासात नाही. पण माझ्या मते तो फार मोठा संशोधक होता.

घराटवाल्याला आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे दोन तळ्यांमधली फट. एका तरफेने तो वरची तळी किंचित उचलतो किंवा उतरवतो. फट कमी केली की पीठ बारीक, वाढवली की भरड. दुसरी म्हणजे टाकी. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की तो दाणे नुसते सरकवत बसतो, फोडत नाही. मग तळी उलटी करून छिन्नीने तिच्यावर नवे टवके पाडायचे. आपल्याकडेही ‘जात्याला टाकी लावायची का?’ असं विचारत गावोगाव फिरणारे कारागीर होतेच.

दळणावळ द्यायची ती पैशांत नाही, तर पिठात. दळलेल्या पिठातला थोडा हिस्सा घराटवाल्याचा. आणि हे पीठ गार असतं बरं का! गिरणीतून आणलेल्या डब्यात हात घालून बघा, पीठ चांगलं गरम लागतं. तिथे दगड फार वेगाने फिरतात आणि घर्षणाने पीठ तापतं. घराटाचं जातं सावकाश फिरतं, म्हणून पीठ तापत नाही. डोंगरातले लोक त्याची चव वाखाणतात.

दोन हजार वर्षांचा पसारा

आडव्या चाकाची चक्की साधी आणि घरच्या घरी करता येण्याजोगी. पण दुसरीकडे रोमन लोकांनी चाक उभं केलं. विट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात अशा चक्कीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. चाक उभं फिरतं आणि जातं तर आडवं फिरायला हवं. म्हणून मध्ये दात्यांची चाकं बसवली. त्यांनी फिरण्याची दिशा बदलली, आणि वेगही हवा तसा करता येऊ लागला.

पुढे दुसऱ्या शतकात या रोमनांनी फ्रान्सच्या दक्षिणेला बार्बेगाल इथे एक अजब काम केलं. एका टेकडीच्या उतारावर त्यांनी एकाखाली एक अशी आठ चाकं बसवली, आणि शेजारी आणखी आठ. एकूण १६! पहिल्या चाकाला फिरवून पाणी खाली पडायचं, ते दुसऱ्या चाकावर, मग तिसऱ्या. तेच पाणी आठ वेळा राबायचं! कसं काय? टेकडीची सगळी उंची त्यांनी आठ तुकड्यांत वाटून घेतली होती. पाणी खर्च होतच नव्हतं, खर्च होत होती ती उंची.

इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने देशातल्या सगळ्या मालमत्तेची नोंद करवली. त्या नोंदीत सुमारे ६ हजार पाणचक्क्या निघाल्या. त्या काळी गावाला चक्की असणं हे मोठंच वैभव होतं.

मग एक प्रश्न आला. पाणी चाकाच्या खालून ढकलावं की वरून ओतावं? पुष्कळांना वाटायचं, काय फरक पडतो? जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने वाद घालत न बसता सरळ छोटं चाक तयार केलं. चाकाच्या आसाला दोरी बांधली, दोरीला वजन. किती पाण्याने किती वजन किती उंच उचललं, हे तो मोजत गेला. १७५९ साली त्याने निष्कर्ष छापले. वरून पाणी ओतलेलं चाक खालून ढकललेल्या चाकाच्या जवळपास दुप्पट काम करतं!

असं का? खालून ढकलताना पाणी पात्यांवर आपटतं, फुटतं, उडतं आणि बराचसा वेग तसाच घेऊन पुढे निघून जातं. वरून ओतलेलं पाणी चाकाच्या कप्प्यांत बसतं आणि आपल्या वजनाने चाकाला खाली खाली ओढत नेतं. उंचीतली बरीचशी ताकद ते चाकाला देऊन टाकतं.

पण पाण्याला वर नेलं कोणी?

आता शोधाचं शेवटचं टोक. पाणी दळतं ते उंचीमुळे, हे ठरलं. आणि उंची फुकट मिळत नाही, कोणीतरी ती कमवावी लागते, हेही ठरलं. मोटेला बैल होते. मग हिमालयाच्या माथ्यावर पाणी कोणी नेऊन ठेवलं? हर्सूलच्या उंचवट्यावर कोणी?

आकाशात बघा. सूर्य! अरबी समुद्रावर ऊन पडतं आणि पाण्याची वाफ होते. ऊन जमीन तापवतं, वारे सुटतात आणि ती वाफ ढगांत बसून सह्याद्रीपर्यंत, तिथून पुढे मराठवाड्यापर्यंत, थेट हिमालयापर्यंत जाते. तिथे पाऊस पडतो, बर्फ पडतं. एकेक थेंब समुद्रापासून हजारो मीटर उंच उचलला जातो, आणि तोही आवाज न करता. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात फकिराच्या हातावर पडलेली भाकरी, अँटिपेटरच्या गावातल्या मुलींची सकाळची झोप, घराटातलं गार पीठ, हे सगळं सूर्याने केलेलं काम. पाणी फक्त निरोप्या.

घाटावरून खोपोलीत

तेलावर चालणारी इंजिनं आली, वीज आली, आणि पाणचक्क्या मागे पडल्या. गिरणी ओढ्यापाशी नेण्यापेक्षा बाजारात आणणं सोयीचं होतं. पण पाणचक्कीची युक्ती संपली नाही. ती मोठी झाली.

जमशेटजी टाटांनी सह्याद्रीकडे बघून एक स्वप्न पाहिलं होतं. घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो आणि घाटाखाली लगेच कोकण. सगळी उंची आयती! ते १९०४ मध्ये गेले, पण पुढे त्यांच्या माणसांनी लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधले, तिथून जाडजूड नळ घाटाखाली सोडले आणि १९१५ साली खोपोलीला वीजघर सुरू झालं. पाणी सुमारे ५०० मीटर खाली येऊन चाकांच्या पात्यांवर आदळत होतं आणि त्या विजेवर मुंबईतल्या कापडगिरण्या धडधडत होत्या. आपल्या गणितात ५ मीटर होते. इथे त्याच्या शंभर पट!

पुढे कोयनेचं धरण झालं. कोयना खरं तर घाटावरून पुढे पूर्वेकडे वळणारी नदी. पण तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला कोकणाकडे वळवलं, कारण उंचीचा कडेलोट त्याच बाजूला आहे. चारही टप्पे मिळून कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. आपल्या छोट्या चक्कीचे २५० वॉट आठवून बघा! आज महाराष्ट्राची जास्त वीज कोळशापासून होते, पण तुमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत येणाऱ्या विजेत कोयनेच्या पाण्याचाही वाटा असतोच.

आणि घराट? तेही संपलेले नाहीत. उत्तराखंडात अनिल प्रकाश जोशी आणि त्यांच्या संस्थेने जुन्या घराटांना धातूची पाती आणि नवे बेअरिंग बसवायला सुरुवात केली. नेपाळातही असंच काम झालं. सुधारलेला घराट दिवसा जास्त धान्य दळतो आणि रात्री त्याच चाकावर लहानसं जनित्र जोडून घरांत दिवे लावतो. मला हे फार मोलाचं वाटतं. जुनी वस्तू काचेच्या पेटीत ठेवणं चांगलंच, पण तिला पुन्हा कामाला लावणं त्याहून चांगलं.

करून बघा: स्मीटनचा प्रयोग

हे साहित्य जमवा: एक मोठा बटाटा, प्लॅस्टिकच्या जुन्या बाटलीतून कापलेली एकसारखी सहा पाती, विणकामाची एक लांब सुई, पुठ्ठ्याचं एक खोकं, दोरा, खोडरबर, बादली आणि तळाला भोक पाडलेली दुसरी एक बाटली. कापाकापीला आणि भोकं पाडायला मोठ्या माणसांना बोलवा.

बटाट्याची जाड चकती कापा. तिच्या कडेला समान अंतरावर सहा पाती खोचा. मधोमध सुई घट्ट आरपार घाला. चकती फिरली की सुईही फिरली पाहिजे. खोक्याची वरची आणि खालची बाजू काढून टाका आणि समोरासमोरच्या दोन बाजूंना भोकं पाडून सुई त्यांत सैलसर बसवा. सुईचं एक टोक खोक्याबाहेर राहू द्या. त्याला दोरा चिकटवा आणि दोऱ्याला खोडरबर बांधा. खोक्याखाली बादली, आणि ही झाली तुमची पाणचक्की.

आता भोकाची बाटली पाण्याने भरा आणि धार पात्यांवर पाडा. आधी चाकापासून १० सेंटिमीटर वरून, मग २० वरून, मग ४० वरून. धार दर वेळी पात्याच्या टोकाजवळच पडली पाहिजे आणि बाटली दर वेळी सारखीच भरलेली हवी. दोरा गुंडाळला जाऊन खोडरबर वर यायला किती वेळ लागतो, ते मोजून वहीत लिहा. मग एकाऐवजी दोन खोडरबर बांधा. कोणत्या उंचीवरून ते उचलले जातात? तीन बांधले तर?

बाटली रिकामी झाली की बादलीतलं पाणी तिच्यात पुन्हा भरा आणि ती वर न्या. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा. हात भरून येतील. कारण तुमच्या पाणचक्कीसाठी पाणी वर चढवायचं सूर्याचं काम आता तुम्ही करताय.